एकशे तेरा वर्षांनी दिसलेला पिंगळा

पिंगळा कुणाला ठाऊक नाही? विहिरीवरच्या जुन्या आंब्याच्या ढोलीत, गावाबाहेरच्या चिंचेत, नाहीतर पडक्या वाड्याच्या भिंतीतल्या भोकात त्याची जोडी असतेच. दिवस मावळला की ती बाहेर येऊन बसते, मान वर-खाली करीत आपल्याकडे टक लावून बघते आणि मग दोघांचे जे कचाकचा भांडण सुरू होते ते घरातल्या माणसांनाही बोलणे थांबवायला लावते. तांबडे फुटायच्या आत कंदील आणि कुडमुडे घेऊन दारी येणारा आणि या पाखराची भाषा आपल्याला कळते असे सांगणारा पिंगळा जोशी आता क्वचितच दिसतो, पण पाखरू अजून गावोगाव आहे.

या गावच्या पिंगळ्याचा एक रानातला भाऊ आहे. त्याला रानपिंगळा म्हणतात. तो भारताबाहेर कुठेही मिळत नाही आणि भारतातही मुख्यतः मध्य भारतात, म्हणजे आपल्या खानदेश-मेळघाटाच्या डोंगरांत आणि त्यांना लागून असलेल्या मध्य प्रदेश-गुजरातच्या भागात. हा पक्षी एकशे तेरा वर्षे कोणाही पक्षीशास्त्रज्ञाला दिसला नव्हता. तो नामशेष झाला असेच बहुतेकांनी धरले होते. मग १९९७ साली एका सकाळी शहाद्याजवळ तो उघड्या फांदीवर, भर उन्हात बसलेला सापडला. ही हकीकत सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यात एक चोरी आहे, एक खोटी चिठ्ठी आहे, आणि ती चोरी पकडणारी एक चिकाटीची बाई आहे.

सुरुवात दीडशे वर्षांपूर्वीची. आजच्या छत्तीसगडच्या भागात ब्लुइट नावाचा एक इंग्रज अंमलदार होता. १८७२ साली त्याने एक पिंगळा मारला आणि त्याचे कातडे ए. ओ. ह्यूम यांच्याकडे पाठवले. हे ह्यूम म्हणजे १८८५ साली मुंबईला काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले त्याच्या मागे असणारे तेच ह्यूमसाहेब. राजकारणात पडण्यापूर्वी त्यांना पाखरांचे वेड होते, आणि तेही साधेसुधे नव्हे. हजारो पक्ष्यांची कातडी त्यांनी सिमल्याच्या बंगल्यात जमवली होती. पुढे त्यांच्या कित्येक वर्षांच्या लिखाणाचे कागद एका नोकराने बाजारात रद्दी म्हणून विकून टाकले, त्यानंतर त्यांचे मन या विषयावरून उडाले. असो. ब्लुइटने पाठवलेला पिंगळा नेहमीचा नाही हे ह्यूमनी ओळखले आणि १८७३ साली त्याला ब्लुइटचेच नाव देऊन त्याची नोंद केली.

त्यानंतर ओडिशाच्या बाजूला एक मिळाला. आणि १८८० नंतर जेम्स डेव्हिडसन नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने आपल्या खानदेशात, शहादे-तळोद्याच्या रानात, काही गोळा केले. तेव्हा खानदेश हा सबंध एक जिल्हा होता, पूर्व आणि पश्चिम असे त्याचे दोन भाग १९०६ साली झाले. डेव्हिडसनचा शेवटचा नमुना १८८४ चा. साऱ्या जगातल्या संग्रहालयांत मिळून या पाखराची सातच कातडी होती. त्यापुढे सगळे सामसूम.

नाही म्हणायला एक नोंद पुढची होती. रिचर्ड माइनर्टझहागेन नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी होता. शूर, श्रीमंत, गोष्टी सांगण्यात पटाईत आणि पक्ष्यांचा मोठा जाणकार अशी त्याची ख्याती होती. त्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता आणि त्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहिले होते की, हा १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला मिळाला. एवढ्या मोठ्या माणसाच्या शब्दावर कोण शंका घेणार? तेव्हा ज्यांना ज्यांना रानपिंगळा शोधायचा होता ते सगळे मांडवीकडे वळले. आपले सालीम अली आणि अमेरिकेचे डिलन रिप्ले, म्हणजे भारतीय पक्ष्यांवरचा दहा खंडांचा ग्रंथ लिहिणारी जोडी, त्यांनीही सत्तरच्या दशकात या पाखराचा माग काढायचा प्रयत्न केला. हाती काही लागले नाही. जिथे शेवटचा दिसला तिथेच नाही, तर मग संपलाच असणार, असे पुष्कळांना वाटू लागले.

यापुढे पामेला रासमुसेन या बाईंचे काम सुरू होते. वॉशिंग्टनच्या संग्रहालयात त्या रिप्ले यांच्याबरोबर आपल्याकडच्या पक्ष्यांचे एक पुस्तक तयार करीत होत्या. त्यासाठी जुनी कातडी एकेक करून तपासताना माइनर्टझहागेनच्या संग्रहात काहीतरी गडबड आहे असे त्यांना दिसू लागले. हा मनुष्य संग्रहालयातून पक्षी उचलतो असा बोभाटा त्याच्या हयातीतही झाला होता, पण बड्या माणसाची लफडी झाकली जातात, तशी तीही झाकली गेली होती.

चोरी कशी पकडली ते आपल्या घरातल्या बायकांना लगेच समजेल. गोधडी कुणी शिवली हे टाक्यावरून ओळखता येते. एकीचा टाका बारीक, दुसरीचा लांब, तिसरी कोपरा दुमडून घेते. पक्ष्याच्या कातड्यात कापूस भरून ते शिवण्याचेही असेच असते. ज्याचा त्याचा हात वेगळा. रासमुसेन आणि त्यांचे इंग्रज सहकारी नायजेल कॉलर यांनी मांडवीचा म्हणून मिरवणारा तो पिंगळा बारकाईने तपासला, त्याची क्ष-किरण छायाचित्रे काढली. वरून शिवण नवी होती, आत मात्र डेव्हिडसनचा हात होता. म्हणजे डेव्हिडसनने खानदेशात मिळवलेला आणि लंडनच्या संग्रहालयात ठेवलेला पक्षी या महाशयांनी लांबवला, उसवून पुन्हा भरला आणि त्याला मांडवीची खोटी चिठ्ठी बांधली! १९१४ साली मांडवीला रानपिंगळा मिळालाच नव्हता. चोरीचा सगळा पुरावा छापून आला तो १९९९ साली, पण संशय पक्का झाला तेव्हाच एक गोष्ट उघड झाली होती. शोधणारे चुकीच्या जागी शोधत होते.

मला या हकिगतीत सर्वात जास्त राग याच गोष्टीचा येतो. कातडे चोरले ते चोरले. पण गावाचे नाव खोटे लिहिल्यामुळे शोधणाऱ्यांची पावले भलत्याच रानात पडत राहिली, आणि खऱ्या जागेकडे, म्हणजे शहाद्याच्या डोंगराकडे, लक्ष गेले नाही. त्या मधल्या काळात तिथले किती साग तुटले त्याचा हिशेब कोण देणार? सातबाऱ्यावर चुकीची नोंद पडली तर दोन पिढ्या कचेरीच्या पायऱ्या झिजवतात हे आपल्याला माहीत आहे. ही नोंद तशीच होती, फक्त ज्याचे नुकसान झाले त्याला अर्ज करता येत नव्हता.

१९९७ च्या नोव्हेंबरात रासमुसेनबाई, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट असे तिघे भारतात आले. मांडवी त्यांनी सोडूनच दिली. आधी पूर्वेकडच्या जुन्या जागा धुंडाळल्या, जिथे ब्लुइटच्या काळात पक्षी मिळाले होते. तिथली राने पार पालटून गेली होती आणि काही सापडले नाही. दिवस संपत आले होते. मग ते शहाद्याला आले. तोरणमाळच्या पायथ्याची टेकाडे, मधून मधून साग, खाली शेते. नंदुरबार जिल्हा व्हायला अजून सात-आठ महिने होते, तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यातच होता.

२५ नोव्हेंबरच्या सकाळी रानातून हिंडत असताना किंग यांना एका झाडाच्या उघड्या फांदीवर एक पिंगळा दिसला. ऊन चांगले वर आले होते. गावचा पिंगळा अशा वेळी ढोलीच्या तोंडाशी डोळे किलकिले करून बसतो, हा मात्र खुशाल उन्हात बसला होता. रासमुसेनबाईंनी जगातली ती सातही कातडी पाहून तयारी केली होती. त्यांनी दुर्बिणीतून एकेक खूण पडताळली. डोक्यावर पांढरे ठिपके जवळजवळ नाहीत. डोके मोठे. पोट पांढरे स्वच्छ. शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. पाय बोटांपर्यंत पिसांनी भरलेले. शंका उरली नाही. पाखरू उडाले नाही, त्यामुळे छायाचित्रे आणि चलच्चित्रण दोन्ही झाले. एकशे तेरा वर्षांचा पडदा असा एका सकाळी दूर झाला.

हा पक्षी तोवर खरोखर कुणालाच दिसला नव्हता काय? मला ते पटत नाही. सातपुड्यातले भिल्ल आणि पावरा बांधव पिढ्यान्‌पिढ्या त्याच रानात गुरे चारतात, मोहाची फुले वेचतात, सकाळी त्याच वाटेने बाजाराला जातात. दिवसा फांदीवर बसणारा पिंगळा त्यांच्या नजरेतून सुटला असेल हे संभवत नाही. तो हरवला होता तो पुस्तकांतून.

बाकीच्यांच्या नजरेतून तो सुटला त्याला कारणेही होती. एक तर तो गावच्या पिंगळ्यासारखाच दिसतो. मोठा असला तरी बोट-दीड बोटच. दुसरे, पिंगळा म्हणजे रात्रीचा प्राणी अशी आपली पक्की समजूत. रानपिंगळा दिवसाचा आहे. सकाळच्या पहिल्या दोन-तीन तासांत तो झाडाच्या शेंड्याजवळ, पाने गळलेल्या फांदीवर ऊन घेत बसतो, तिथून खालचे गवत न्याहाळतो आणि सरडा, उंदीर, नाकतोडा दिसला की खाली झेपावतो. शिकार हेरताना किंवा बिचकला म्हणजे शेपटी डावी-उजवीकडे झटकतो, ही त्याची मोठी खूण. आणि तिसरे कारण असे की, तो दाट ओल्या जंगलातला असावा असा समज होता. प्रत्यक्षात त्याला सागाचे कोरडे, मोकळे रान लागते. खाली गवताची, उघड्या जमिनीची मोकळीक, मधून मधून उंच झाडे, आणि त्यांत जुन्या ढोल्या.

शोध लागल्यावर मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९९८ पासून पाहणी केली. तळोद्याच्या रानात पक्षी मिळाले, मेळघाटात मिळाले, तिकडे मध्य प्रदेशात खकनारला मिळाले. पुढे जळगाव जिल्ह्यातल्या यावल अभयारण्यात आणि गुजरातेत डांगच्या बाजूला नोंदी झाल्या. २०१४ साली तर ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यात रानपिंगळा सापडला. ज्या तानसाचे पाणी मुंबई पिते, त्याच्या काठच्या रानात! सातपुड्यापासून इतक्या दूर, सह्याद्रीच्या अंगाला तो असेल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. या नव्या जागा मिळाल्यामुळेच २०१८ साली त्याला जागतिक यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ या पायरीवरून एक पायरी खाली, ‘संकटग्रस्त’ या पायरीवर आणले. तरीही सगळे मिळून प्रौढ पक्षी हजाराच्या आतच असावेत असा अंदाज आहे. एखाद्या मोठ्या गावच्या जत्रेला याहून जास्त माणसे जमतात.

आता जमिनीचा प्रश्न. तो टाळून पक्ष्याबद्दल गोड गोड बोलणे मला जमत नाही. रानपिंगळ्याला जे रान लागते, सपाटीच्या जवळचे, मोकळे, तेच शेतीलाही सोयीचे. नांगर तिथेच आधी पोचतो. तळोद्याच्या वनातली जमीन सरदार सरोवराच्या विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी देण्यात आली. ज्यांची घरे-शेते नर्मदेच्या पाण्याखाली गेली त्यांनी जायचे कुठे? त्यांना जमीन मिळायलाच हवी होती. पण तीच जमीन नेमकी या पाखराच्या वस्तीची निघाली. धरणाचा लाभ तिसऱ्यालाच झाला आणि किंमत दोघा गरिबांत वाटली गेली, एक माणूस आणि एक पाखरू. यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. इतके मात्र खरे की, एक झाड तुटणे आणि ढोलीचे झाड तुटणे यांत फार फरक आहे. सागाचे झाड चार दोन दशकांत उभे राहील. त्याला पिंगळ्याचे घर होईल अशी ढोली पडायला वय लागते, वाळलेली फांदी लागते, सुतार पक्ष्याची चोच लागते. रानपिंगळा स्वतः ढोली कोरू शकत नाही. आयती मिळाली तर अंडी, नाहीतर नाही. हिवाळा-उन्हाळ्यात त्याची वीण होते, मादी दोन-तीन अंडी घालते, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण सरपणासाठी वठलेली झाडे हेरीत असतो. बांधावरचे किंवा रानाकडेचे पोकळ झाड जळणाला काढण्याआधी सकाळी अर्धा तास त्याच्याकडे लक्ष ठेवावे. ढोलीत ये-जा दिसली तर ते झाड तसेच ठेवावे, मग आत रानपिंगळा असो, गावचा पिंगळा असो की पोपट.

उंदरांचे विष हीही शेतकऱ्याच्याच हातातली गोष्ट आहे. पिंगळे, घुबडे, गव्हाणी घुबड ही सारी आपल्या उंदरांवर जगतात, हे वेगळे सांगायला नको. कुणी मजुरी न मागणारा राखणदार. पण विष खाऊन झिंगलेला उंदीर त्यांना आधी सापडतो. विष टाकायचे तर बिळात टाकावे, उघड्यावर पसरू नये, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मेलेले उंदीर वेचून खोल पुरावेत. शेतात पक्ष्यांना बसायला उभ्या काठ्या रोवल्या, वर एक आडवी काठी बांधली, तर पिंगळे आपणहून येतात. खर्च काही नाही.

आणि अपशकुनाचे काय? पिंगळा ओरडला की घरात काही वाईट होणार, असे म्हणणाऱ्या आज्या अजून आहेत. आजीशी वाद घालू नये, पण नातवाला गलोल हाती घेऊ देऊ नये. याहून वाईट प्रकार म्हणजे मांत्रिक-भोंदूंच्या नादाने घुबडे-पिंगळे पकडणे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे पक्षी पकडणे, मारणे, विकणे हा गुन्हा आहे. गुप्तधन दाखवणारे घुबड जर खरोखर असते तर ते विकणारा भोंदू स्वतः का फाटका राहिला असता?

दिवाळीनंतर थंडी पडली की रानपिंगळा बघायला चांगले दिवस येतात. मेळघाट, यावल, तोरणमाळचा पायथा किंवा तानसा यांच्या आसपास ज्यांची गावे आहेत त्यांनी मुलांना घेऊन एक सकाळ जरूर काढावी. अभयारण्यात शिरायचे तर नाक्यावर रीतसर परवानगी घ्यावी, वनरक्षकाला सोबत घेता आले तर फारच उत्तम. दव असतानाच निघावे. उजाडल्यावर सागाच्या रानाच्या कडेने सावकाश चालावे आणि शेंड्याजवळच्या निष्पर्ण फांद्या एकेक बघत जाव्यात. गाठीसारखे काही दिसले तर थांबावे. पुष्कळदा ती गाठच असते! एखादे वेळी गाठ मान वळवते. मग डोके बघावे. ठिपके भरपूर असतील तर गावचा पिंगळा, डोके जवळजवळ सपाट राखी-तपकिरी आणि पोट पांढरे असेल तर रानपिंगळा. जवळ जाऊ नये, दगड मारून उडवू नये. हल्ली काही हौशी लोक फोनवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावतात. हे फार वाईट. आपल्या हद्दीत कुणी दुसरा शिरला असे समजून ते पाखरू खाणेपिणे सोडून भांडायला येते, आणि विणीच्या दिवसांत तर पिलांचाही घास चुकतो.

चार-पाच सकाळी काहीच दिसणार नाही अशी तयारी ठेवावी. रिकाम्या सकाळीसुद्धा नीलपंख, सुतार, रानातला मोर, हरियालांचा थवा यांपैकी काही ना काही भेटतेच. मुलांच्या हाती एक वही द्यावी. तारीख, वेळ, झाड कोणते, गावाचे आणि शिवाराचे नाव, पाखरू काय करीत होते, इतके पाच शब्दांत लिहिले तरी पुरे. रानपिंगळा वाटला तर ती नोंद वनखात्याच्या माणसाला दाखवावी, पण ढोलीची नेमकी जागा चारचौघांत, विशेषतः फोनवरच्या गटांत, सांगत सुटू नये. आणि खात्री नसेल तर तसे वहीत स्पष्ट लिहावे, शिवाराचे नाव मात्र खरेच लिहावे.